मदत हवी आहे : बजी अंड्यांवर बसलीय आणि घराला रंग काढायचाय

आमच्या हॉलमधल्या पिंजऱ्यात बजीची (छोट्या पोपटांची) एक जोडी आहे. मादीने मडक्यात 5 अंडी घातलीत, एक दिवसाआड एक. पहिल्याला आज 12 दिवस झाले. ती दाणे खायला बाहेर आली तेव्हा मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघितली. तिनात लाल शिरा स्पष्ट दिसतात, म्हणजे आत पिल्लू वाढतंय; शेवटची दोन अजून कोरी. म्हणजे अंडं उबायला 18 दिवस या हिशोबाने आठवड्याभरात पहिलं पिल्लू येईल.

अडचण अशी की गणपतीआधी रंगकाम ठरलंय, रंगारी सोमवारी येणार. रंगाचाच काय, कुठलाही उग्र वास किंवा धूर पक्ष्यांना सोसत नाही, म्हणून आम्ही फोडणीसुद्धा स्वयंपाकघराचं दार लावून देतो. (सासूबाईंच्या मते हे जरा अतीच!) बाल्कनीत ठेवायची सोय नाही, कावळे आणि मांजर दोन्ही टपलेले असतात.

शेजारच्या काकू पिंजरा ठेवून घ्यायला तयार आहेत. पण मडक्यासकट हलवला तर मादी अंडी सोडून देईल का? हलवायचाच तर आत्ता, की पिल्लं आल्यावर? की पिल्लं मडक्याबाहेर पडेपर्यंत, म्हणजे आजपासून साधारण सहा-सात आठवडे, हॉल तसाच ठेवू? कुणी अंड्यांवरची जोडी हलवली असेल तर प्लीज सांगा.