मदत हवी आहे: उबुंटूवर मोडेम उत्तर देत नाही, सकाळच्या आत पाहिजे

दूधगंगाकाठ:
उबुंटू लिनक्सवर मोडेम चालत नाही. मिनिकॉम (मोडेमशी बोलायचा प्रोग्राम) उघडलं, एटी (मोडेमला हाक मारायची आज्ञा) टाइप केलं, काहीच नाही. टीटीवायएस० पासून टीटीवायएस३१ पर्यंत पोर्ट दिसतात, त्यातले बरेच बघितले, सगळे मुके. विंडोजवर हाच चालायचा. सकाळचं दूध संकलन सुरू व्हायच्या आत गवळ्यांना एसएमएस पाठवायला लागणार आहे, लवकर सांगा.

बिनविंडोजी:
कुठला मोडेम? यूएसबीचा की मागच्या नऊ पिनांचा? उबुंटू कुठलं? आणि त्या बत्तीस नावांना भुलू नका. मागे खरा पोर्ट असो नसो, कर्नल (लिनक्सचा गाभा) ती नावं मांडून ठेवतो.

दूधगंगाकाठ:
यूएसबीलाच लावलाय. साधा जीएसएमवाला, सिम घालायचा. उबुंटू नवीनच आहे.

जुनामोडेमवाला:
टीटीवायएस० म्हणजे कॉम१, पत्ता ३एफ८, आयआरक्यू (व्यत्यय क्रमांक) ४. टीटीवायएस१ म्हणजे कॉम२, २एफ८, आयआरक्यू ३. सेटसीरियल (पोर्टाची मांडणी दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. आणि विनमोडेम असेल तर नाद सोडा, त्यात अर्धं हार्डवेअर नसतंच, सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरच्या गळ्यात. सरकारी व्हीएसएनएल कंपनीनं १९९५ च्या १५ ऑगस्टला इंटरनेट खुलं केलं तेव्हापासून मोडेम हाताळतोय. तो किर्र आवाज ऐकूनच कळायचं लाइन लागणार की नाही.

बिनविंडोजी:
काका, त्यांचा यूएसबीचा आहे. ३एफ८ चा काही संबंध नाही. त्यांना टीटीवाययूएसबी० (यूएसबीवरच्या सीरियल पोर्टाचं नाव) दिसायला पाहिजे.

पायथॉनपाटील:
परवानगीचा घोळ असणार, दुसरं काही नाही. सीरियल पोर्ट वापरायला डायलआउट ग्रुपात नाव लागतं. सुडो यूजरमॉड वजा एजी डायलआउट आणि पुढे तुमचं युजरनेम. त्यातला छोटा ए गाळू नका, नाहीतर बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून नाव उडेल, सुडोतूनसुद्धा, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्कही जातील. मग लॉगआउट करून परत आत या. नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर ग्रुप लागत नाही.

निवांत_मिंट:
उबुंटू काढा, मिंट टाका. माझ्याकडे सगळं आपोआप चालतं.

पायथॉनपाटील:
मिंट उबुंटूवरच उभं आहे हो.

निवांत_मिंट:
असू दे. माझ्याकडे चालतं.

रेवती_पिंपरी:
एसएमएस कोण वाचतं आता? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, मोडेमची भानगडच नको.

दूधगंगाकाठ:
ताई, आमच्याकडं निम्म्या गवळ्यांकडं बटणाचा फोन आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि रक्कम मेसेजनं जाते, नाही गेली तर लोक काट्यापाशी भांडायला येतात.
डायलआउट केलं, फरक नाही. उबुंटू २२.०४. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) बघितलं. मोबाईलवरून लिहितोय म्हणून थोडक्यात: सीएच३४१ टीटीवाययूएसबी० ला जोडलं असं येतं, आणि लगेच खाली डिस्कनेक्टेड. मध्ये बीआरएलटीटीवाय असं काहीतरी आहे.

बिनविंडोजी:
सापडलं. बीआरएलटीटीवाय हा अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्राम. तुमच्या केबलमधल्या सीएच३४० चिपचा (सीएच३४१ हा तिचा ड्रायव्हर) यूएसबी क्रमांक १ए८६:७५२३, आणि एका ब्रेल डिस्प्लेचाही तोच. त्यामुळे २२.०४ मध्ये केबल लावली की तो तिला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो आणि टीटीवाययूएसबी० गायब. सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय, मग केबल काढून परत लावा.

ठिपके_सहा:
सरसकट "काढून टाका" म्हणू नका. माझा भाऊ ब्रेल डिस्प्लेवरच उबुंटू वापरतो. कोणी हा धागा वाचून घरातल्या सामायिक मशीनवरून उडवलं तर त्याचा स्क्रीनच गेला. यूडेव्हच्या (उपकरणं ओळखणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमांत ८५-बीआरएलटीटीवाय नावाची फाइल आहे, त्यातली ७५२३ ची तेवढी ओळ बंद केली तरी काम होतं.

बिनविंडोजी:
दूध संकलन केंद्रावर ब्रेल डिस्प्ले कुठून येणार?

ठिपके_सहा:
धागा फक्त दूध संकलन केंद्रवालेच वाचतात का?

दूधगंगाकाठ:
तुमचं चालू द्या. मी काढलं. पोर्ट टिकला, एटीला ओके आलं! पण फॅट मशीन लावून पीसी रीस्टार्ट केला की परत मुका.

बिनविंडोजी:
कुठलं फॅट मशीन? हे आता सांगताय?

दूधगंगाकाठ:
संकलन आहे म्हटल्यावर फॅट मशीन असणारच की. त्याला पण तसलीच केबल आहे.

पायथॉनपाटील:
मग ० आणि १ ची अदलाबदल होतेय. जी केबल आधी ओळखली जाईल तिला ० मिळतो. सीएच३४० ला सहसा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे बाय-आयडीचा (सीरियल नंबरवरून पडणाऱ्या नावांचा) उपयोग नाही. डेव्हच्या आत सीरियल, त्यात बाय-पाथ (खाचेवरून पडणारी नावं), तिथलं नाव वापरा आणि केबली नेहमी त्याच खाचेत लावा. मॉडेममॅनेजर पण बंद करा. तो काही सीरियल पोर्टांना एटी पाठवून चाचपतो, तुमच्या फॅट मशीनलासुद्धा पाठवू शकतो. आणि मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल "नो" करा.

दूधगंगाकाठ:
केलं. ओके येतंय, पण मेसेज जात नाही, एरर. सिम चालू आहे, फोनमध्ये घालून कॉल करून बघितला.

बिनविंडोजी:
मोडेमवर सिम८०० लिहिलंय का? त्याचा दिवा दर सेकंदाला लुकलुकतोय की तीन सेकंदांनी? एटी+सीआरईजी? (नेटवर्क लागलं का विचारायची आज्ञा) ला काय येतं? सिम कुठल्या कंपनीचं?

दूधगंगाकाठ:
सिम८००एल. दर सेकंदाला. ०,२. जिओ.

बिनविंडोजी:
०,२ म्हणजे नेटवर्क शोधतोय, आणि ते त्याला कधीच सापडणार नाही. सिम८०० फक्त टूजी, आणि जिओनं २०१६ ला सुरुवातच फोरजीवर केली. टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम घाला. वीज यूएसबीतून देऊ नका. पाठवताना तो क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतो, व्होल्टेज पडलं की रीस्टार्ट होतो.

रेवती_पिंपरी:
म्हशीचं फॅट सातच्या खाली लागलं तर दर कापतात का हो? आमच्या मामांकडे तोच वाद चालू आहे.

दूधगंगाकाठ:
ताई, ते केंद्रावर विचारा.
बायकोचं एअरटेल घातलं, दिवा तीन सेकंदांवर आला, ०,१, म्हणजे नेटवर्क लागलं. इंग्रजी मेसेज गेला. मराठीत लिहिला की प्रश्नचिन्हं.

पायथॉनपाटील:
मराठीला यूसीएस२ (अक्षरं साठवायची वेगळी पद्धत) लागतं. एका मेसेजात इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, मराठीची ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात. "लिटर" म्हणजे चार.

दूधगंगाकाठ:
मग सकाळी इंग्रजी आकडेच पाठवतो. रक्कम समजली की बास. मराठीचं सवडीनं बघू.

निवांत_मिंट:
माझ्या लॅपटॉपचं वायफाय कालपासून दिसत नाहीये, बीआरएलटीटीवाय काढू का?

बिनविंडोजी:
नाही! नवीन धागा काढा. आणि लॅपटॉप कुठला ते पहिल्याच ओळीत लिहा.