मदत हवी आहे: 'फुकट ट्रायल'च्या गोळ्या मागवल्या, आता कार्डातून पैसे जातायत

रेवा_क

नमस्कार मंडळी,

जाणकारांची मदत हवी आहे. प्रकार सासूबाईंच्या बाबतीत घडलाय, पण स्टेटमेंटची लढाई माझ्याकडे आली आहे, म्हणून मी लिहितेय.

केस फार गळतात म्हणून त्यांनी फोनवर दिसलेल्या जाहिरातीवरून केसांच्या गोळ्या मागवल्या. 'पहिली बाटली फुकट, फक्त टपालखर्च तुमचा' असं होतं. टीव्हीवर नेहमी दिसणारे एक डॉक्टर त्या गोळ्यांचं कौतुक करतायत असा व्हिडिओसुद्धा होता. त्यांनी कार्डावरून टपालखर्च भरला. बाटली आली, गोळ्या सुरूही झाल्या. आता स्टेटमेंटवर दोन भल्या मोठ्या रकमा आहेत, त्याही दोन वेगळ्या नावांनी. दोन्ही नावांवरून केसांचा काही पत्ता लागत नाही. एका नावापुढे फोन नंबर आहे, तो लागतो, पण पलीकडे नुसतं संगीत वाजत राहतं. त्यात आज 'तुमचं पुढचं पार्सल निघालं आहे' असा मेसेज आला.

पैसे परत मिळतील का? बँकेला नक्की काय सांगायचं? 'हा व्यवहार आमचा नाही' म्हणावं, तर टपालखर्च त्यांनीच भरलाय. शिवाय ओटीपी एकदाच दिला होता, मग दुसऱ्यांदा पैसे गेलेच कसे? आणि कार्ड बंद केलं की विषय संपेल ना?

पुढच्या वेळी जाहिरात बघूनच ओळखता येईल असं काही असेल तर तेही सांगा. 'वयस्कर माणसांच्या हातात फोन देऊ नये' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. घरातला सगळा हिशेब त्याच ठेवतात आणि माझ्यापेक्षा चोख ठेवतात.

तिरकस

फुकट ते पौष्टिक म्हणतात ते यांनी फारच मनावर घेतलेलं दिसतंय. (कंपनीने म्हणतोय हो, सासूबाईंनी नाही.)

जमाखर्च

रेवाताई, कार्डाच्या तक्रारी हाताळण्याच्या कामात काही काळ होतो, त्यावरून सांगतो.

आधी आजच्या आज करायचं काम. फोनवरचं संगीत ऐकत बसू नका, मेल करा. सबस्क्रिप्शन रद्द करत आहोत, यापुढे या कार्डावर कुठलीही रक्कम लावायला आमची संमती नाही, एवढी दोन वाक्यं पुरेत. मेलवर तारीख-वेळ उमटते, फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. नावं दोन आहेत तर मेलही दोन. एकाकडचं रद्द झालं म्हणून दुसऱ्याकडचं होत नाही.

आता दोन नावांचं. सासूबाईंना एवढंच विचारा: टपालखर्च भरल्यावर 'थांबा, तुमची ऑर्डर अजून पूर्ण झालेली नाही' असं एखादं पान आलं होतं का? त्या पानावर जोडीची दुसरी बाटली असते, तीही 'फुकट'. हो म्हणायचं बटण आधीच्या बटणासारखंच, त्याच रंगाचं, त्याच जागी. 'नको' हा शब्द खाली बारीक अक्षरात, तो बटणासारखा दिसतही नाही. माणसाला वाटतं आपण पहिलीच ऑर्डर पक्की करतोय. प्रत्यक्षात दुसरी ट्रायल सुरू होते आणि कार्डाचा नंबर पुन्हा विचारतही नाहीत.

नावं अनोळखी असण्यामागेही गणित आहे. विक्रेत्याच्या खात्यावर ग्राहकांच्या तक्रारींचं प्रमाण ठराविक टक्क्याच्या वर गेलं, की कार्ड कंपन्या त्या खात्यावर नजर ठेवतात आणि सुधारणा नसेल तर ते बंद होतं. म्हणून हे लोक कागदोपत्री बऱ्याच कंपन्या काढतात आणि एकाच मालाची विक्री वेगवेगळ्या खात्यांवर वाटून टाकतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारी तिथली सरकारी संस्था) २०१८ साली अशाच 'फुकट ट्रायल' विकणाऱ्या अ‍ॅपेक्स कॅपिटल ग्रुपवर दावा लावला, त्यात अशा नावापुरत्या कंपन्यांचाच आरोप होता. तुमच्या सासूबाईंना एका दुकानात गेल्यासारखं वाटलं, पण गल्ले दोन होते.

ओटीपीचं असं आहे, की पहिल्या वेळी संमती देऊन कार्ड साठवलं गेलं की पुढची वसुली विक्रेत्याच्या बाजूने सुरू होते. अशा प्रत्येक वसुलीला ओटीपी लागेलच असं नाही. म्हणूनच तर टपालखर्चाची किरकोळ रक्कम मागतात. ती त्यांना नको असते, कार्ड हवं असतं.

रेवा_क

बापरे. आत्ता विचारलं. हो, तसं पान आलं होतं! त्यांना वाटलं नेट गेलं म्हणून पुन्हा दाबायला सांगतायत.

आणखी एक. बॉक्समधल्या कागदावर '१४ दिवसांची ट्रायल' लिहिलंय. बाटली हातात आल्यापासून १४ दिवस धरले तर पैसे कापले त्या दिवशी ट्रायल संपलेलीच नव्हती. हा मुद्दा बँकेत मांडता येईल का?

जमाखर्च

मांडा, पण आधी अटी वाचा. बहुतेक ठिकाणी ते १४ दिवस ऑर्डर दिल्याच्या दिवसापासून मोजतात. पार्सल वाटेत रेंगाळलं तर गोळी चाखायच्या आत मुदत सरत येते. आणि मुदत संपली की फक्त पुढच्या बाटलीचे पैसे घेत नाहीत. त्या पहिल्या, 'फुकट' बाटलीचीच पूर्ण किंमत लावतात. मग दरमहा नवी बाटली आणि तिचे पैसे. स्टेटमेंटवरच्या तुमच्या दोन रकमा म्हणजे बहुधा दोन फुकट बाटल्यांचीच किंमत आहे. पुढचं पार्सल निघालंय म्हणजे त्याचीही वसुली येईल, म्हणून घाई करा म्हटलं.

बँकेत 'कार्ड चोरीला गेलं' किंवा 'व्यवहार आमचा नाही' अजिबात म्हणू नका. विक्रेता टपालखर्चाची नोंद, घरचा पत्ता, पार्सल पोहोचल्याची पावती पुढे करतो आणि तुमची तक्रार तिथेच पडते. जे झालं तेच सांगा: टपालखर्च आम्हाला मान्य आहे. त्यानंतर पूर्ण किंमत लागेल आणि दरमहा लागत राहील हे पैसे भरताना स्पष्ट दाखवलं नव्हतं. दुसऱ्या मालाला संमती दिलेली नव्हती. अमुक तारखेला रद्द केल्याचं लेखी कळवलं आहे. सोबत रद्द केल्याच्या मेलची प्रत, ऑर्डरच्या पानाचे स्क्रीनशॉट. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते, पण बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

कार्ड बंद करून विषय संपेल असं धरून चालू नका. जुन्या कार्डाऐवजी नवं दिलं की नवा नंबर जुन्या विक्रेत्यांपर्यंत आपोआप पोहोचवायची सोय कार्ड कंपन्यांकडे असते. वीजबिलं वगैरे अडू नयेत म्हणून ती काढलेली, पण फायदा यांनाही होतो. बँकेला 'या दोन विक्रेत्यांची वसुली थांबवा' असं नावानिशी सांगा. कार्ड बदलायचंच असेल तर नवा नंबर त्यांना जाणार नाही ना, हेही विचारून घ्या.

सरळसोट

थोडा वेगळा सूर लावतो. अटी लिहिलेल्या असतात ना? लोक वाचत नाहीत आणि मग बँकेच्या नावाने बोंब मारतात. कंपनीचं वागणं मलाही पटत नाही, पण याला सरसकट फसवणूक म्हणणं कितपत बरोबर?

निशिगंध

सरळसोट, अटी कुठे लिहिल्यात यावर ते ठरतं. अशा साइटवर मी मुद्दाम जाऊन बघते (छंद म्हणा, खाज म्हणा). परवाच्या एका पानावर वर जाडजूड 'फुकट', त्याखाली उलटं मोजणारं घड्याळ, 'फक्त ७ बाटल्या शिल्लक'. पान पुन्हा उघडलं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून आणि बाटल्या पुन्हा ७. पैसे भरायचं बटण हिरवं, मोठं. अटी कुठे? बटणाच्याही खाली, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरात, आणि फोनवर ते बघायला बटण ओलांडून खाली सरकवावं लागतं. 'मला अटी मान्य आहेत' च्या चौकटीत खूण आधीच केलेली. ज्याला वाचून हवंय तो असं लिहितो का?

कायदाही तुमच्यासारखं म्हणत नाही. अमेरिकेत २०१० च्या शेवटी आलेल्या एका कायद्यात तीन गोष्टी आहेत: महत्त्वाच्या अटी कार्डाचा नंबर घेण्याआधी ठळकपणे सांगायच्या, पैसे कापायला ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यायची आणि रद्द करायचा सोपा मार्ग ठेवायचा. त्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आसाई बेरी या फळाच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीला कोर्टात खेचलं होतं. फुकट ट्रायल, जोडीला पोट साफ करायची दुसरी बाटली, मग दरमहा वसुली. थेट रेवाच्या सासूबाईंची गोष्ट. त्या जाहिरातींत तिथली प्रसिद्ध टीव्ही निवेदिका ऑप्रा विन्फ्री हिचं नाव वापरलं होतं, तिचा काही संबंध नसताना. त्याआधी २००९ मध्येच ती आणि टीव्हीवरचे डॉक्टर ऑझ यांनी अशा चाळीसेक विक्रेत्यांवर स्वतः दावा लावला होता. तेव्हा नुसते फोटो चिकटवायचे, आता डॉक्टरांचा चेहरा आणि आवाजच बनवून व्हिडिओ करतात. त्यामुळे 'मी स्वतः व्हिडिओ पाहिला' याला आता काही अर्थ उरलेला नाही.

रेवा, ओळखायचं कसं विचारलं होतंस. मी जाहिरात फार बघतच नाही, थेट अटींच्या पानावर जाते आणि 'दिवस' हा शब्द शोधते. मुदत कधीपासून मोजणार, संपल्यावर किती रक्कम लागणार आणि रद्द कुठे करायचं, या तीन गोष्टी तिथे सरळ सापडल्या नाहीत तर पान बंद. मग मालाच्या नावापुढे 'तक्रार' किंवा 'पैसे कापले' टाकून शोधते. नुसत्या नावाने शोधलं तर त्यांनीच पेरलेली स्तुतीची पानं वर येतात. 'हा घोटाळा आहे का?' अशा मथळ्याचा लेखसुद्धा त्यांचाच असतो आणि शेवटी ऑर्डरची लिंक असते! पत्ता म्हणून नुसती टपालपेटी असेल तरी मी पुढे जात नाही.

सरळसोट

आधीच केलेली खूण आणि फिकट अक्षरं, हे मान्य. मागे घेतो.

खलबत्ता

औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. पैशांचं वर आलंच आहे. मला बाटलीत काय आहे ते सांगाल का? केसांच्या गोळ्या म्हणजे बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) बहुधा असणारच, आणि बऱ्याचदा भरमसाट मात्रेत.

रेवा_क

हो, लेबलवर बायोटिन सगळ्यात वर आहे. बाकी दहा-बारा वनस्पतींची नावं आणि 'खास मिश्रण', प्रत्येकाची मात्रा दिलेली नाही. काळजीचं आहे का? त्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे आणि रक्ततपासणी जवळ आलीय.

खलबत्ता

मग बरं झालं विचारलं. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांत घोळ घालतं. थायरॉइडच्या तपासणीत तर सगळं ठीक असताना थायरॉइड वाढल्यासारखे आकडे येऊ शकतात, आणि त्यावरून कोणी चालू गोळी कमी केली तर पंचाईत. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही हा घोळ होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिलेला आहे. गोळ्या थांबवा, बाटली डॉक्टरांना दाखवा आणि तपासणी किती दिवसांनी करायची ते त्यांनाच ठरवू द्या. केस गळण्याचं कारण थायरॉइडमध्येच असू शकतं, तेही विचारा.

आणि एक गैरसमज. 'विकायला परवानगी आहे म्हणजे कोणीतरी तपासलं असेलच' असं वाटतं. १९९४ च्या अमेरिकी कायद्यानुसार अशी पूरक उत्पादनं बाजारात आणण्याआधी ती गुणकारी आहेत हे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. 'मान्यताप्राप्त कारखान्यात तयार' ही ओळ कारखान्याबद्दल आहे, गोळीच्या गुणाबद्दल नाही.

रेवा_क

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्या थांबवल्या, डॉक्टरांची वेळ घेतली. दोन्हीकडे मेल केले, बँकेत तक्रार नोंदवली, दोन्ही विक्रेते नावानिशी थांबवायला सांगितले.

आता गंमत बघा. इतके दिवस संगीत वाजवणाऱ्यांचं तासाभरात उत्तर आलं. 'सदिच्छा म्हणून' निम्मे पैसे परत देतो म्हणतायत. सासूबाई म्हणतात घेऊन टाक, कटकट मिटेल. घेऊ का? आणि ते नवं पार्सल आलं तर दारातूनच परत पाठवायचं का?

जमाखर्च

त्या मेलमध्ये खाली कुठेतरी 'बँकेतली तक्रार मागे घ्यावी' असं असेल, बघा. वर तक्रारींच्या टक्क्याचं सांगितलं ना, तुमची तक्रार त्या टक्क्यात मोजली जाते. निम्म्या पैशांपेक्षा त्यांना ती महाग पडते, सदिच्छा वगैरे काही नाही. आधी पूर्ण रक्कम मागा, दोन्ही नावांची, आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत तक्रार राहू द्या. पूर्ण रक्कम आली तर मात्र बँकेला कळवा, दोन्हीकडून घेऊ नका.

पार्सल दारातून परत पाठवलं की 'आम्हाला मिळालंच नाही' म्हणायला ते मोकळे. ठेवून घ्या, उघडू नका. परतीचा क्रमांक मेलवर मागून घ्या, तो बॉक्सवर लिहा आणि पोचपावती मिळेल अशाच टपालाने पाठवा. क्रमांक नसलेला बॉक्स कित्येक जण स्वीकारतच नाहीत, अटींत तसं लिहून ठेवलेलं असतं.

रेवा_क

आहे! अगदी शेवटच्या ओळीत आहे. सासूबाईंना दाखवलं, आता त्याच म्हणतायत एक पैसा सोडायचा नाही. उत्तराचा मसुदा त्याच लिहितायत. झाला की इथे टाकू का, कोणी नजर टाकाल?

निशिगंध

टाक की. कार्डाचा नंबर तेवढा झाकून टाक.