गोमुखची दरी: यू की व्ही, छेदावरून कसं ठरवायचं?

घाटवाट: हिमनदीने कोरलेली दरी यू आकाराची, नदीने कोरलेली व्ही, असं वाचून गूगल अर्थ प्रोमध्ये गोमुखाखालच्या भागीरथीच्या दरीचे आडवे छेद काढतोय. गोमुखाजवळ भोजबासाला यू दिसतो, गंगोत्री गावापाशी धड यू नाही की व्ही नाही, हर्सिलला तर तळ सपाटच. चुकतंय कुठे? आणि भिंती उभ्या म्हणजे यू, तर आपली सह्याद्रीतली सांधण दरीही यू का?

कातळकडा: आधी छेदाची रेघ तपासा. ती प्रवाहाला काटकोनात आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरधारेपर्यंत हवी. तिरकी गेली की दरी उगाच पसरट दिसते. शिवाय आलेखाचं उभं माप चौकटीत बसवायला आपोआप ताणलं जातं. त्यामुळे आकारावर जाऊ नका, आकड्यांवरून उतार काढा. 500 मीटर अंतरात 500 मीटर चढ म्हणजे 45 अंश, आलेखात तो कडा दिसला तरी.

गंगोत्रीला तुमचं चुकलेलं नाही, तिथे दोन्ही आहे. हिमनदी एके काळी पार खाली ‘झाला’ नावाच्या गावापर्यंत उतरली होती. ती मागे हटल्यावर त्याच रुंद दरीच्या तळात नदीने ग्रॅनाइट चिरत अरुंद घळई पाडली. गंगोत्रीतल्या गौरीकुंडापाशी उभं राहिलं की ही यूच्या पोटातली व्ही नीट कळते. हर्सिलला उलटा प्रकार: तळ गाळागोट्यांनी भरून आलाय, खडकाचा खरा तळ खाली गाडलेला.

मुरूम: छेदापेक्षा दगड बरे बोलतात. हिमोढात, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या ढिगाऱ्यात, घराएवढा धोंडा, कोनदार खडे आणि पिठासारखी पूड, सगळं एकत्र कालवलेलं. नदीचे गोटे गोलसर, बऱ्यापैकी एका मापाचे आणि चपटे असतील तर वरच्या अंगाला कललेले. भागीरथीचं पाणी दुधट दिसतं ते त्याच पुडीमुळे. भांड्यात तासभर ठेवा, तळाशी राखाडी थर बसतो.

भोजबासाच्या वाटेवरचे ओढे सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

कातळकडा: सांधण राहिली. सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्याच. बेसाल्टच्या उभ्या भेगेत पाणी घुसलं आणि ती खोल करत गेलं. यूला रुंद तळ लागतो, सांधणला तो कुठाय? खडकात रांजणखळगे दिसले तरी ही नदीचीच दरी असा घाईने निष्कर्ष नको. निघोजला ते कुकडी नदीने गोटे गरगरवून पाडलेत, पण हिमनदीच्या पोटातून धावणारं पाणीही तसेच पाडतं.