विकास आराखडा: रहिवाशांना नकाशा काढण्याआधी विचारा

नदीकाठची:
शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे कोणती जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात, आमच्या सोसायटीमागची जागा खेळाच्या मैदानासाठी राखीव. ते आरक्षण उठवायचा प्रस्ताव आला होता. राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खालचा फेरबदल. नोटीस पेपरात रीतसर छापली होती, मुंगीएवढ्या अक्षरांत: सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, ‘आरक्षण वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे’. पंधरा वर्षं मुलं तिथे खेळतात, पण त्या जागेचा सर्व्हे नंबर आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता. कळलं तेव्हा महिन्याच्या मुदतीतले चार दिवस उरले होते. रात्री जिन्यात बसून आम्ही 112 हरकती लिहिल्या, जवळपास एकाच मजकुराच्या. सुनावणीत प्रत्येकाला दोन मिनिटंही मिळाली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हरकत ही काढून झालेल्या रेषेवर घ्यावी लागते, आणि काढलेली रेषा पुसायला कुणी राजी नसतं. आराखड्याच्या आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा करावाच लागतो, ऑफिसात त्याला ईएलयू म्हणतात. लोकांना तेव्हा बोलवा. मुंबईचा 2034 पर्यंतचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले आणि वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करायला लावला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला, मंजुरीला 2018 उजाडलं. जमिनीवर काय आहे ते तिथल्या माणसांना आधीच दाखवलं असतं तर ही पाळी आली नसती.

सातबारा:
ताई, तुमचं मैदान कुणाच्या नावावर आहे ते बघितलंत का? मी दुसऱ्या शहरातला आहे. आमच्या 22 गुंठ्यांवर बागेचं आरक्षण पडलं तेव्हा मी चौथीत होतो. आता माझी मुलगी कॉलेजात आहे. मोबदला नाही आणि बांधायला परवानगीही नाही. गिऱ्हाईक येतं, झोन दाखला बघतं आणि चहा न घेता जातं. वडील नगररचनाच्या खिडकीवर चकरा मारून थकले. टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क, घ्या म्हणाले, तर हद्दीच्या मोजणीतच फाइल अडकली.

कायद्याने दहा वर्षांनंतर कलम 127 ची नोटीस देता येते. त्यावर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. आम्ही नोटीस दिली आणि आठवड्याच्या आत शेजारच्या तीन सोसायट्या ‘बाग वाचवा’ म्हणत निवेदन घेऊन हजर. बाग होती कुठे? तिथे आमची दोन चिंचेची झाडं आहेत आणि त्यांच्या सावलीत तुमच्यासारख्यांच्या गाड्या लागतात. ज्यांनी बिल्डरकडून फ्लॅट घेतला त्यांना मोकळी हवा हवी, पण तिची किंमत आमच्या घराने का मोजायची? रहिवाशांना आधी विचारलं तर प्रत्येक मोकळ्या जमिनीवर बागच पडेल, कारण सांगणाऱ्याच्या खिशाला काही लागत नाही.

भाड्याची_खोली:
सातबारा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. रहिवासी म्हणजे नेमकं कोण? मी अकरा महिन्यांच्या करारावर राहते. आमच्या भागात नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहासाठी जागा ठेवायचं निघालं, तेव्हा रविवारच्या बैठकीत ‘वातावरण बिघडेल’ म्हणून एकमताने विरोध झाला. त्या बैठकीत भाडेकरू मी एकटीच होते. कोपऱ्यावरची भाजीवाली, धुणीभांडी करणाऱ्या बायका रविवारी सकाळी अकराला बैठकीला येऊच शकत नाहीत. कचरा वर्गीकरणाची शेड, दफनभूमी, बेघरांचा निवारा यांतलं काहीही गल्लीला विचारून होणार नाही. कुणीतरी गल्लीच्या वर उठून ठरवायलाच हवं.

उतार_आणि_रेषा:
मी नगररचनेत काम केलंय. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र उताराच्या तळाशीच लागतं, हात वर करून ते टेकडीवर नेता येत नाही. पण हेही सांगतो की आताची सुनावणी कुणाच्याच कामाची नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये सुमारे 87 हजार हरकती आल्या. ऐकायला फार तर सात जणांची नियोजन समिती. अखेर 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्याकडे घेतला. एवढ्या कागदांतून खरी चूक दाखवणारा कागद शोधायचा कसा? ईएलयूच्या वेळी चुका सांगितल्या तर त्या हरकती मुळात येणारच नाहीत. धागाकर्तीचा तेवढा मुद्दा मला पटतो.

वाड्यावरून:
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे 2011 पर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोक रस्त्यावर उतरले म्हणून जानेवारी 2007 मध्ये रद्द झाला. मग 2021 पर्यंतच्या आराखड्यासाठी गावागावांतून सूचना मागवल्या. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी शेतं, तळी, पाणी वाहून जायच्या वाटा दाखवल्या. आणि पुढे? 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) घातलं आणि ‘चूक दुरुस्ती’च्या नावाखाली एकेका प्लॉटचा झोन बदलू लागला. त्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. आधी विचारून भागत नाही. मागच्या दाराने होणारा बदलही गावासमोर यायला हवा.

नदीकाठची:
सातबारा, तुमचा प्रतिसाद वाचून मी आज पहिल्यांदा त्या मैदानाचा उतारा काढला. सहा नावं आहेत, त्यांतली दोन मयत. त्यांच्या घरच्यांशी आमच्यापैकी कुणीही कधी बोललेलं नाही. ही आमची चूक आहे. पण म्हणूनच मी आधी म्हणतेय. हरकतीच्या टेबलावर तुम्ही आणि मी समोरासमोर येतो, तेव्हा रेष ओढून झालेली असते आणि एकाने हरायचंच असतं. नकाशा कोरा असताना बसलो तर मोबदल्याची तरतूद नसताना आरक्षण टाकू नका, हे तुमच्याबरोबर आम्हीही म्हणू.

भाड्याची_खोली, क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद 2009 साली कायद्यात आली. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य, भाडेकरूसुद्धा. माझ्या प्रभागात ती एकदाही भरलेली मी पाहिलेली नाही. भरली तर संध्याकाळी आठनंतर भरावी, हे मी लिहून देईन.

सातबारा:
मोबदल्याच्या पैशांची वसुली कुणाकडून, हा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या सोसायट्या बागेसाठी जादा कर भरतील का? तेवढं सांगा, मग कोऱ्या नकाशावर बसू.

नदीकाठची:
पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. हाच प्रश्न विषयपत्रिकेवर घालते आणि जे उत्तर मिळेल ते इथेच लिहिते.