पन्हाळ्यावर सासूबाईंना कुठं बसवू?

पेठेतली सून: रविवारी पन्हाळा. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात) आणि दोन उंडगी पोरं. तबक उद्यानात डबा खायचा बेत आहे. सासूबाईंना किल्ला बघायचाच आहे, युनेस्कोच्या यादीत आल्यापासून त्यांनी धोशा लावलाय. पायऱ्या कमी कुठं?

गडकरी: वहिनी, गाडी थेट गडावर जाते, चढायचं नाव नाही. आधी अंबरखाना दाखवा. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. १६६० ला सिद्दी जौहरनं वेढा घातला, तो महिनोन्‌महिने रेटला कसा, हे त्या भिंती बघितल्या की कळतंय. पोरांना लढाईपेक्षा हेच सांगा, राजांच्या फौजेला भातसुद्धा लागत होता! तीन दरवाजा बघा, पण शेजारच्या अंधार बावीत सासूबाईंना उतरवू नका. पायऱ्या आहेत आणि आत अंधार.

एसटीप्रेमी: चार दरवाजा शोधत बसू नका. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला.

पेठेतली सून: मग डबा उद्यानातच ना?

गडकरी: डबा कशाला वहिनी? वर झुणका-भाकरी मिळते की. उद्यानात नुसतं बसा, पोरं पळू देत. पावसाळ्यात धुकं असलं तर मात्र तटाकडेला सोडू नका, चार हातांवरचं दिसत नाही.

पेठेतली सून: सासूबाई म्हणतात, भाकरी घरचीच. डबा नेतो आम्ही.