इव्हेंट प्लॅनरविरुद्ध निकाल लागला, पण भरपाई तुटपुंजी. अपील करावं का?

मुलुंडकर: लग्नाचं काम साडेसहा लाखांत ठरलं होतं. ८५० रुपयांच्या ४०० प्लेट ठरल्या, आल्या ३१०. स्टेजची फुलं ऐनवेळी आम्हीच ३८,००० देऊन आणवली. मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाने सेवेत त्रुटी मान्य केली, पण सरसकट ४०,०००च दिले. अपिलासाठी निम्मी रक्कम भरावी लागते म्हणे? की लघुवाद न्यायालयात नवा दावा टाकू? निकालाला १९ दिवस झालेत.

वांद्रे_वकील: नवा दावा नको. त्याच कारणावर निकाल झालाय, तिथे पहिल्याच तारखेला तो मुद्दा उभा राहील. धोबी तलावचं ते न्यायालय मुख्यतः घरमालक-भाडेकरूंच्या वादांचं आहे.

मार्ग राज्य ग्राहक आयोगाकडे, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ४१ खाली. मुदत ४५ दिवस. प्रत उशिरा मिळाली तरी निकालाच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे विलंबमाफीच्या अर्जाची वेळच येणार नाही. निम्मी रक्कम भरायची ती ज्याला पैसे द्यायचा आदेश झालाय त्याने. भरपाई वाढवून मागणाऱ्या तक्रारदाराला ती अट नाही.

अपिलात ‘मानसिक त्रास’ पानभर लिहू नका, हिशेब मांडा. ९० प्लेट × ८५० = ७६,५००, अधिक फुलांचे ३८,०००, एकूण १,१४,५००. प्रत्येक आकड्यासमोर कोटेशनची ओळ, हॉलची प्लेट-नोंद, यूपीआयची पावती. आयोगाने ४०,००० कुठून काढले याचं कारण निकालात नसेल, तर तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा.

मुलुंडकर: व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राअभावी आयोगाने बाजूला ठेवलेत. त्यासाठी पुनर्विलोकन, म्हणजे त्याच आयोगाकडून निकालाची फेरतपासणी, चालेल?

वांद्रे_वकील: नाही. त्याच कायद्याचं कलम ४० फक्त निकालात उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे, मुदत ३० दिवस. पुरावा पुन्हा तोलून मिळत नाही, आणि त्या अर्जाच्या भरवशावर अपिलाचे दिवस मात्र निघून जातात.

दादरकर: प्रमाणपत्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे. नमुन्याचे दोन भाग: ‘अ’ तुम्ही भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) लागतं. अपिलात ते आपोआप दाखल होत नाही. वेगळा अर्ज करून आधी का दिलं नाही ते सांगावं लागतं. मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका.

प्लॅनरने ४०,००० देऊ केले तर ‘अपिलाचा हक्क राखून’ असं लिहूनच घ्या. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही झाली की अपिलाचं बळच जातं.