विस्क-४ चा रिपोर्ट: आयक्यू ९३, मग एलडी म्हणायचं का?

समुपदेशक_सातारा
पाचवीतला मुलगा, वय १० वर्षं ४ महिने. चौथीपर्यंत मराठी माध्यम, यंदा इंग्रजी शाळेत घातलाय. विस्क-४ (मुलांची बुद्धिमत्ता चाचणी) च्या भारतीय आवृत्तीचे निर्देशांक: शाब्दिक आकलन १०६, दृश्य तर्क १०२, कार्यस्मृती ८३, प्रक्रिया वेग ७८, एकूण (आयक्यू) ९३. सबटेस्टमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या चाचण्यांत, डिजिट स्पॅन (ऐकलेले आकडे परत सांगणं) १०, अक्षर-अंक क्रम ४, कोडिंग ४, चिन्हशोध ८. वाचन-लेखन फक्त इंग्रजीत तपासलं, तिथे तीन इयत्ता मागे. निष्कर्ष ‘एसएलडी’, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता (बोलीभाषेत एलडी). पालकांना काय सांगू?

अक्षरगाठ
एकूण ९३ आधी बाजूला ठेवा. सगळ्यात वरच्या आणि खालच्या निर्देशांकात २८ गुणांचं अंतर आहे. ते २३ किंवा जास्त असलं की एकूण आकड्यावरून मुलाबद्दल फारसं कळत नाही.

कार्यस्मृतीचे ८३ तर मला पटतच नाहीत. डिजिट स्पॅन १० म्हणजे अगदी सरासरी. अक्षर-अंक क्रमात मात्र ऐकलेली अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून सांगायची असतात. मराठी माध्यमातला मुलगा एबीसीडी म्हणून दाखवेल, पण ‘एम आधी की क्यू’ हे त्याला चटकन सुचेलच असं नाही. त्यामुळे ते ४ स्मरणाचे की वर्णमालेचे, सांगता येत नाही. विस्क-४ मध्ये त्याऐवजी अंकगणित ही पूरक सबटेस्ट घेता येते. ती घेतली का, चाचणी घेणाऱ्यांना जरूर विचारा.

कोडिंगमध्ये भराभर चिन्हं लिहायची असतात, चिन्हशोधात फक्त खूण करायची. ४ आणि ८ बघता हात मागे पडतोय का, ते आधी बघा: पेन्सिलची पकड, नजर, फळ्यावरून उतरवण्याचा वेग.

रफार_रकार
इंग्रजी शिक्षण नुकतंच सुरू झालेलं असताना फक्त इंग्रजी वाचनावरून एसएलडी ठरवणं चूक आहे. शिकवणंच अपुरं पडलं असेल तर ते आधी वगळावं लागतं. मराठीत तपासा: त्याच्या आणि खालच्या इयत्तांचे न वाचलेले उतारे, निरर्थक शब्दांची यादी, श्रुतलेखन. आकलनाचे प्रश्न वेगळे विचारा.

मराठीत अक्षर आणि उच्चार बरेच जुळतात, म्हणून अडचण असलेलं मूलही हळूहळू बरोबर वाचायला लागतं, पण संथ. त्यामुळे चुकांइतकंच घड्याळ महत्त्वाचं. काना-मात्रा गळणं, जोडाक्षर फोडणं, ‘कर्म’चं ‘क्रम’ होणं पुन्हापुन्हा दिसलं तर गांभीर्याने घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वर्गातली बरीच मुलं करतात, त्यावर निदान उभं करू नका. दोन्ही भाषांत तीच अडचण दिसली तर एसएलडीची शक्यता वाढते.

दाखला_मदत
परीक्षेतल्या सवलतींसाठी खासगी रिपोर्ट पुरत नाही. एसएलडी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र शासनाने नेमलेल्या रुग्णालयातून मिळतं, अर्ज स्वावलंबन या दिव्यांग दाखल्यांच्या सरकारी पोर्टलवर. सोबत कान-डोळे तपासणीचे कागद, मागच्या दोन वर्षांच्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं न्या. विस्क कधी झाली ती तारीख तिथे आवर्जून सांगा. थोड्याच महिन्यांत तीच चाचणी पुन्हा झाली तर सरावाने गुण वाढतात, विशेषतः ठोकळ्यांच्या रचनेसारख्या वेळ लावून घेतलेल्या कामांत.

दाखल्याची वाट बघत उपचारात्मक शिकवणं थांबवू नका. मराठीत रोज २०-३० मिनिटं सुरू करा आणि दर पंधरवड्याला मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले याची नोंद ठेवा. ही नोंद दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढेही उपयोगी पडते.